डाव्या वळणावरचा आवाज

४ मार्च

मामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार. मोबाइलवर चार ओळी पाठवल्या की तुमच्याकडून अंगठ्याचं चित्र येतं. त्या अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' की 'नंतर वाचतो', हे मामींनाही सांगता येत नाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही. म्हणून म्हटलं, आपलं कागद-पेनच बरं.

तुम्ही दोघं इथून गेलात त्याला दोन वर्षं होतील. टोळ मजेत आहे. रोज सकाळी मला हॉस्पिटलात सोडतो आणि दिवसभर पार्किंगमध्ये लोकांच्या नजरा झेलत उभा असतो. परवा एका पेशंटने एक्स-रे काढून घेता घेता विचारलं, 'ती हिरवी टू-सीटर तुमची? एवढा पगार असतो का इथे?' मी सांगितलं, माझ्या मामांनी भंगारातून उचलून सहा वर्षांत पुन्हा उभी केली आणि जाताना किल्ली माझ्या हातात ठेवली. त्याला ते खोटं वाटलं. मी म्हटलं, श्वास रोखा, हलू नका.

एक विचारायचं होतं. माझं नाही, आमच्याकडे पावत्या फाडणाऱ्या बाई आहेत, त्यांचं. त्यांच्या गाडीचा मागून काहीतरी आवाज येतो. शोरूमवाले म्हणाले, मागचे शॉकअब्सॉर्बर गेलेत, इथे मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतील. तर अशा कामाला साधारण किती खर्च यावा? बाई काळजीत आहेत, म्हणून विचारलं.

आणि आमच्याकडे कानाच्या नव्या डॉक्टर आल्यात. एकदा या ना, नुसतं दाखवायला.

तुमची भाची

* * *

११ मार्च

दहा-अकरा,

(पाच वर्षांची होतीस, मी गाडीखालून कुठलाही पाना मागितला तरी तू दहा-अकराचाच हातात द्यायचीस. एक्स-रे काढायला लागलीस म्हणून नाव बदलत नाही.)

त्या पावत्या फाडणाऱ्या बाईंना माझा नमस्कार कळव. पावत्या फाडून असली गाडी घेता येत असेल तर तुम्ही सगळ्या जणी एक्स-रे सोडून पावत्या फाडायला बसा. 'इथे मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतील' हे वाक्य मी शोरूमच्या काउंटरमागे उभा राहून एकोणीस वर्षं ऐकलंय. ते साध्या गाडीवाल्याला ऐकवत नाहीत. ते फक्त स्पोर्ट्स कारवाल्याला ऐकवतात, कारण त्याच्याकडे पैसा असतो असा त्यांचा समज आहे. बाईंची गाडी हिरवी आहे का, तेवढं कळव.

मी तिथे फोरमन होतो तेव्हाही असंच होतं. आवाज आला की अंदाजाने एक वस्तू बदलायची आणि बिल लावायचं. आवाज राहिला की दुसरी बदलायची. आजार रेड्याला आणि औषध पखालीला. म्हणून तर सोडून स्वतःची शेड टाकली. आमच्या शेडमध्ये कामाची रीत निराळी होती. सांधा घातला की हातोडीने ठोकून ऐकायचा. बाजारात न मिळणारा नट हाताने बनवावा लागला तर एकाऐवजी तीन बनवायचे आणि उरलेले गाडीतच कुठेतरी बांधून ठेवायचे, पुढच्या मिस्त्रीला वणवण नको. आता पुढच्याचा विचार करतो कोण.

तर आवाज कसा आहे ते नीट लिही. कधी येतो, कुठून येतो. मला ऐकू येत नसलं तरी वाचता येतं.

कानाच्या डॉक्टरबाईंना माझा नकार कळव. ती जागाही शोरूमसारखीच. आधी तपासणीचे घेतील, मग म्हणतील अख्खा कान बदलावा लागेल, इथे मिळत नाही.

मामा

ता. क. मी मामी. कान मीच धरून नेला असता, पण हे हलत नाहीत. पैसे लागत असतील तर यांना न सांगता मला सांग.

* * *

१७ मार्च

मामा,

पकडलंत. गाडी हिरवीच आहे.

तुम्ही ज्या शोरूमचं नाव काढलं की पाण्याचा तांब्या आपटता, तिथेच मी टोळाला नेला. तुमची शेड बंद झाली, आणि ही गाडी उघडायला दुसरं कोणी धजेना. तुम्हाला सांगायची लाज वाटली.

आता सगळं ऐका. पहिल्या खेपेला मागचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर बदलले. माझा दीड महिन्याचा पगार गेला. आवाज तसाच. दुसऱ्या खेपेला सगळे रबरी बुश बदलले. त्यात बुश स्वस्त आणि मजुरी महाग. आवाज तसाच. दर खेपेला 'तपासणी शुल्क' वेगळं, म्हणजे नुसतं ऐकण्याचे पैसे. तिथे टाय लावलेले एक साहेब आहेत. ते काचेच्या खोलीत बसवून फुकट कॉफी देतात. इतकी महाग कॉफी मी जन्मात प्यायले नव्हते.

परवा त्यांनी तिसरा अंदाज दिला. म्हणाले, आता उरला डिफरन्शियल. इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांना वाटून देणारा तो लोखंडी गोळा, तो अख्खा बदलायचा, सुटे भाग मिळत नाहीत. अंदाजपत्रक तीन पानी आहे. शेवटच्या पानावरचा आकडा म्हणजे माझा पाच महिन्यांचा पगार. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलंय की आवाज जाईलच याची हमी नाही.

बाजूला टाकलेले पैसे संपले आहेत. आमचे हाडांचे डॉक्टर गाडी आहे तशी घ्यायला तयार आहेत. एकतीस तारखेला येतो म्हणालेत. मामा, मी हो म्हणून बसले. तेव्हापासून पार्किंगमध्ये टोळाकडे बघवत नाही. तुम्ही सहा वर्षं रविवार घातलेत त्याच्यात. विकवत नाही आणि ठेववत नाही, असं झालंय.

आवाज असा : मागून येतो. फक्त डावीकडे वळताना. एक धातूचा ठोका, टक्. उजवीकडे वळताना काही नाही. सरळ रस्त्यावर काही नाही. खड्ड्यातही नाही.

रागवा, पण उत्तर लिहा.

तुमची दहा-अकरा

* * *

२१ मार्च

पोरी,

तुझं पत्र वाचल्या वाचल्या मामीकडून फोन करवला तो एवढ्याचसाठी की गाडी चालवू नकोस. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नको. आणि डॉक्टरांना तर मुळीच देऊ नकोस. का, ते फोनवर तिच्या तोंडून सांगवेना, कारण तिलाही ते माहीत नव्हतं. हे पत्र कुरिअरने पाठवतोय.

डावीकडे वळताना गाडीचा सगळा भार उजव्या मागच्या चाकावर येतो. त्या चाकाचा सांगाडा सीटमागच्या आडव्या चौकोनी पाइपाला जोडलेला आहे. गाडी मी भंगारातून आणली तेव्हा तिथूनच ती फाटली होती. तो जोड मी घातलाय. गाडीतला शेवटचा जोड. तू शेजारी बॅटरी धरून उभी होतीस, आठवतं का बघ.

वेल्डिंग थंड झालं आणि मी हातोडीने ठोकलं. जोड पक्का असला तर खणखणीत वाजतो, आत पोकळ राहिला असला तर बद्द येतो. माझ्या गुरूने मला तेवढी एकच परीक्षा शिकवली होती. मी ठोकलं आणि मला काही ऐकू आलं नाही. बद्दही नाही. परत ठोकलं. कान जात होते हे कळत होतं, पण इतके गेलेत हे त्या क्षणी कळलं. तू विचारलंस, 'कसा वाजला?' मी म्हटलं, 'खणखणीत.' म्हणालो आणि काळा लेप मारून मोकळा झालो. पुढच्याच महिन्यात शेड बंद केली. गुडघे दुखतात म्हणून सगळ्यांना सांगितलं.

तो जोड चांगला आहे की नाही हे मला माहीत नाही. मी तुला त्या गाडीत बसवलं. दोन वर्षं तू त्यात बसून घाटाघाटांतून हिंडतेस आणि मी इथे अंगठ्याची चित्रं पाठवतोय. शोरूमवाल्यांना शिव्या देतो, पण त्यांनी निदान न बघता 'बघितलं' म्हटलेलं नाही.

गाडी ओढून न्यायला लाव. लेप खरवडायला लाव. जोड ठोकायला लाव. ऐकणारं कोणीतरी उभं कर. खर्च माझा.

मामा

ता. क. मी मामी. हे पत्र मी आत्ता वाचलं. दोन दिवस यांच्या घशाखाली घास उतरलेला नाही. टेबलावर चमचा ठोकतात आणि माझ्याकडे बघतात. जे काय असेल ते खरं कळव, गोड करून सांगू नकोस.

* * *

२७ मार्च

मामा, मामी,

आधी एवढंच वाचा. जोड खणखणीत आहे. गोड करून सांगत नाहीये. मामींचा फोन लागत नाही, आणि मोबाइलवर लिहिलं तर अंगठाच येईल, म्हणून कुरिअर.

आता बसून वाचा. कुरिअर आलं त्याच दुपारी टोळाला ट्रकवर चढवून शोरूमला नेलं. टायसाहेबांना वाटलं, मी डिफरन्शियलला तयार झाले. त्यांनी कॉफी मागवली. मी म्हटलं, काही बदलायचं नाही, एक जोड हातोडीने ठोकून बघायचा आहे. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बराच वेळ शोधलं. त्यात प्रत्येक कामाला एक नंबर असतो, आणि 'ठोकून बघणे' याला नंबरच नाही. नंबर नाही तर काम उघडता येत नाही, काम उघडलं नाही तर लिफ्ट मिळत नाही. मी पाऊण तास त्या काचेच्या खोलीत वाद घातला. शेवटी आतून एक चष्मेवाले मिस्त्री हात पुसत आले. त्यांनी विचारलं, 'ही त्या हिरव्या गाडीवाल्या फोरमनची का?' म्हणजे तुमची. तुम्ही तिथे होतात तेव्हा ते नवे लागले होते. म्हणाले, 'माझी जेवणाची सुट्टी आहे. सुट्टीत मी काय ठोकतो याला नंबर लागत नाही.'

लिफ्टवर टोळ वर गेला. त्यांनी लेप खरवडला. तुमचा जोड उघडा पडला तेव्हा ते चष्मा कपाळावर सरकवून जवळून बघत राहिले. मग लहान हातोडी घेतली. त्यांनी आधी कंपनीचा, डावीकडचा जोड ठोकला, फरक कळावा म्हणून. मग तुमचा. तो वाजला. स्वच्छ वाजला आणि वाजत राहिला. मी मनात चारपर्यंत मोजलं. मी म्हटलं, परत. त्यांनी परत ठोकला. मी त्यांना सहा वेळा ठोकायला लावलं. मग त्यांनी माझा तळहात लोखंडावर ठेवला आणि सातव्यांदा ठोकलं, आणि तो कंप कोपरापर्यंत आला. मिस्त्री म्हणाले, 'कंपनीच्यापेक्षा हा बरा आहे, पण हे मी बाहेर बोलणार नाही.' मी तिथेच लिफ्टखाली रडले. टायसाहेबांनी पाणी आणून दिलं. ते बिलात आलं नाही.

मग आवाज कसला, हे अजून राहिलंच. सहाव्या-सातव्या ठोक्याला आम्हा दोघांच्या लक्षात आलं की ठोक्याबरोबर त्या आडव्या पाइपाच्या पोटात काहीतरी टुणकन उडतंय. पाइपाला एका बाजूने रबरी बूच आहे. मिस्त्रींनी ते काढलं, आत लोहचुंबकाची कांडी घातली आणि बाहेर ओढली. कांडीला दोन नट चिकटून आले. मग गंजलेल्या तारेचा तुकडा, त्यात अडकलेली कुजकी चिंधी, आणि शेवटी पत्र्याची छोटी पट्टी. पट्टीवर खिळ्याने कोरलंय : 'पुढच्या मिस्त्रीसाठी. बाजारात मिळत नाहीत.' अक्षर तुमचं.

काखेत कळसा म्हणतात तो हा. चिंधी कुजली, तार तुटली आणि नट मोकळे झाले. डावीकडे वळलं की घरंगळत उजव्या टोकाला जाऊन लोखंडावर आपटायचे. उजवीकडे वळलं की डाव्या टोकाच्या चिंधीवर निमूट जाऊन बसायचे. आणि यासाठी मी दोन शॉकअब्सॉर्बर, डझनभर बुश आणि जवळजवळ एक डिफरन्शियल बदलला. मिस्त्री हसत सुटले. म्हणाले, 'बाई, पुढचा मिस्त्री मीच ना? मग हे माझे.' मी एक दिला, एक ठेवून घेतला.

त्या दिवशीच्या कामाला नंबर नसल्याने बिलही निघालं नाही. माझा उतरलेला चेहरा बघून टायसाहेबांनी वर जाऊन भांडून दोन्ही खेपांची मजुरी परत मिळवून दिली. भागांचे पैसे गेले ते गेले. जुने शॉकअब्सॉर्बर खोक्यात घालून दिलेत, त्यांना काही धाड भरलेली नाही.

हाडांच्या डॉक्टरांना 'गाडी विकायची नाही' म्हणून सांगितलं. ते थोडे रुसले.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी शेडमध्ये मी तुमच्या शेजारीच होते, माझे कान चांगले होते, आणि मला तो कसा वाजला ते आठवत नाही. आठवायचा किती प्रयत्न केला. तुम्ही ठोकायचात तेव्हा आम्ही कोणी ऐकायचोच नाही, तुमच्या तोंडाकडे बघायचो. तुम्ही मान हलवलीत की झालं. एकदा माझ्याकडे बघून 'तुला कसा वाटला?' असं विचारलं असतंत तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तुम्ही कधी विचारलं नाही आणि आम्हीही कधी ऐकलं नाही. म्हणजे चूक दोघांची. निम्मी माझ्या नावावर लिहा.

दहा-अकरा

* * *

१ एप्रिल

दहा-अकरा,

तुझं पत्र मामीने दारातच फोडलं. पहिली ओळ वाचून तिने कागद माझ्या नाकासमोर धरला आणि ओळीखाली बोट ठेवलं. जीव भांड्यात पडला. इतके दिवस तो कुठे होता मला माहीत नाही. मी जेवलो, आणि दुपारी झोपलो तो दिवे लागायच्या वेळेला उठलो.

पत्र आतापर्यंत पुष्कळदा वाचलं. नटांचं वाचून हसलो. तार वापरायला नको होती, रबरी नळीत घालून ठेवायला हवे होते. त्या दिवशी माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. जोड ठोकून झाल्यावर हात कशात तरी गुंतवावा म्हणून ते नट बांधत बसलो होतो, आता आठवलं. पुढच्याचा विचार करत होतो आणि गाडीत बसणारीचा केला नाही. असो. तुझ्याजवळचा नट नळीत घालून परत आत ठेव. पट्टीसकट.

चष्मेवाला आठवला. पहिल्या दिवशी तो इंजिनात चिंधी विसरला होता. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं. चांगला माणूस निघाला.

चूक निम्मी-निम्मी करू नकोस, सगळी माझ्याकडेच राहू दे. पण एक उरतंच. तू 'चारपर्यंत मोजलं' लिहिलंस. तू सावकाश मोजतेस की भराभर? मी ती ओळ वाचतो आणि पुढे काही ऐकू येत नाही. तुझ्यावर विश्वास नाही असं नव्हे. जोड माझ्या हातचा आणि कान दुसऱ्याचे, एवढंच सलतं.

मामा

* * *

५ एप्रिल

मामा,

सावकाश मोजलं होतं. तरी शनिवारी टोळ घेऊन येते, तुम्हीच मोजा.

कानाच्या डॉक्टरांना मी तुमची गोष्ट सांगितली. नाव नाही सांगितलं, 'पावत्या फाडणाऱ्या बाईंचे मामा' म्हटलं. त्यांनी तुमचे कानाच्या तपासणीचे जुने कागद मागितले. मामींनी फोटो काढून पाठवलेच होते, तुम्हाला माहीत नाही. डॉक्टर म्हणाल्या, यांच्या कानातली बारीक हाडं जखडल्यासारखी दिसतात. आवाज हवेतून आत जात नाही, पण कवटीच्या हाडातून जाईल. लाकडी दांडकं दातात धरा, दुसरं टोक लोखंडाला टेकवा आणि ठोका. तपासणी शुल्क नाही.

लाकूड मी आणते. तुम्ही हातोडी काढून ठेवा.

दहा-अकरा

* * *

१६ एप्रिल

बाळ,

हे पत्र मी लिहितेय, कारण हे बाहेर आहेत आणि यांना वेळ नाही. तू नीट पोचलीस हा फोन आला. डाव्या वळणांवर आवाज नाही हेही कळलं.

तुझ्यासमोर यांनी जोड ठोकला, दांडकं दातात धरून तीनपर्यंत मोजलं आणि 'तू भराभरच मोजतेस' म्हणून तुलाच वर ऐकवलं, तेवढं तू पाहिलंस. पुढचं तुला माहीत नाही. तू गेल्यापासून ते दांडकं यांच्या तोंडातून निघालेलं नाही. नळ ठोकला, फाटक ठोकलं, पलंग ठोकला. फाटकाचा एक सांधा बद्द निघाला, तो काल काढून नव्याने घातला. शेजाऱ्यांना वाटतंय, डोक्यावर परिणाम झाला. वाटू दे. शेड बंद केल्यापासून पहिल्यांदाच हा माणूस सकाळी उठून कामाला लागतोय.

काल मी स्वयंपाकघरात उभी होते. हे दांडकं घेऊन आले. एक टोक आपल्या दातात धरलं आणि दुसरं माझ्या कपाळाला टेकवलं. मी म्हटलं, आता मला ठोकताय की काय. यांनी हाताने खूण केली, बोल. आता असं अचानक काय बोलणार. इतकी वर्षं ओरडायची, नाहीतर कागदावर लिहायची सवय झालेली. गॅसकडे लक्ष गेलं आणि मी म्हटलं, 'दूध उतू जातंय.'

हे तसेच उभे राहिले. मग दांडकं काढून म्हणाले, 'परत म्हण.'

दूध सगळं उतू गेलं. मी अकरा वेळा म्हटलं.

त्या डॉक्टरबाईंची वेळ घेऊन ठेव. हे येतो म्हणतात. तपासणीला कितीही पडले तरी चालतील म्हणतात, फक्त अंदाजपत्रक आधी हातात हवं.

तुझी मामी